सापडलेला हंडा कुणाचा?

मराठीत ‘निधी’ म्हटले की गणेशोत्सवाची वर्गणी नाही तर आमदारांचा फंड आठवतो. कन्नडमध्ये मात्र ‘निधि’ म्हणजे थेट गुप्तधन! अर्थ वेगळे असले, तरी एक समजूत आपल्या दोन्ही भाषांत सारखीच पक्की आहे : ‘ज्याला सापडले, त्याचे.’ कायदा मात्र तसे म्हणत नाही.

समजा, चंदगडकडच्या पाहुण्यांच्या शेतात नांगराला नाण्यांचा गाडगा लागला. महाराष्ट्रात तिथे १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की काय, कुठे आणि कधी सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वस्तू सरकारी खजिन्यात ठेवावी लागते किंवा जामीन द्यावा लागतो. मग जाहीर नोटीस निघून चौकशी होते. मूळ मालक कुणी ठरला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला व एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. लपवणाऱ्याचा हिस्सा मात्र जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

आपल्या बाजूला कर्नाटकाचा १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. इथेही पहिली पायरी डीसी ऑफिसचीच.

हे झाले नकळत सापडलेल्याचे. मुद्दाम शोधायला जाणे ही वेगळी गोष्ट. मेटल डिटेक्टर आता घरबसल्या मागवता येतो. म्हणून बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीच्या किंवा हलशीच्या नृसिंह मंदिराच्या आवारात कुदळ चालवता येत नाही. ही संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्याने तिथे परवान्याशिवाय उत्खननाला बंदी आहे.

एवढी कडक शिस्त कशासाठी, याचे उत्तर मला हलशीतच सापडते. तिथे मिळालेले कदंबांचे ताम्रपट फ्लीट यांनी प्रसिद्ध केले. त्यातल्या पाचव्या शतकातील एका ताम्रपटात काकुस्थवर्म्याने आपल्याला वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला शेत दिल्याची नोंद आहे. पुढे रविवर्म्याच्या ताम्रपटातही त्याच घराण्याचा उल्लेख येतो. तांब्याचा भाव तो काय! तांबटाच्या भट्टीत ते पत्रे गेले असते, तर चार तांबे झाले असते आणि एका घराण्याची पिढ्यांची हकीकत वितळून गेली असती. सोन्याची किंमत तराजू सांगतो. ते कुठे, कशाशेजारी होते, हे फक्त माती सांगते. म्हणूनच कायदा ‘कुठे’ हे विचारतो.

गुप्तधनासाठी मांत्रिकाला गाठणाऱ्यांना तर वेगळेच सांगायला हवे. त्यासाठी अमानुष, अघोरी प्रकार करणे महाराष्ट्रात २०१३ च्या आणि कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

तेव्हा पाया खणताना काही लागले, तर काम थांबवा. वस्तू घासूनपुसून लखलखीत करू नका, वाटून तर मुळीच घेऊ नका. जागेचा फोटो काढा, तारीख लिहा आणि अर्ज द्या. अर्ज मराठीत सुचला, तर कन्नडमध्ये लिहून द्यायला घरात सूनबाई किंवा नातू असतोच!