माशांच्या पक्षांची आनुवंशिकता : बेट्टा आणि मुळेचा महसीर

मुळशी तालुक्यातून वाहत येणारी मुळा पुण्यात मुठेस मिळते. या मुळा-मुठेच्या पाण्यातील एका मोठ्या माशाचे वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले. तोच आजचा दख्खनी महसीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री. पक्षांवरील (परांवरील) निळसर छटेमुळे ‘निळ्या पक्षांचा महसीर’ असेही त्यास म्हणतात. याच परिसरात, लोणावळ्याजवळील वळवण येथे, टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकात या माशाच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र उभारले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे नाव त्या कार्याशी निगडित आहे. नदीतील माशाची पैदास मनुष्याने हाती घेतली, की त्याची आनुवंशिकता हा केवळ पुस्तकी विषय राहत नाही. तथापि महसिराची पिढी वाढण्यास कित्येक वर्षे लागतात व त्यावर संकराचे प्रयोग करणे कठीण असते. म्हणून पक्षांची आनुवंशिकता समजून घेण्यासाठी प्रथम एका लहान, शीघ्र वाढणाऱ्या माशाकडे वळणे सोयीचे होय. तो मासा म्हणजे सयामी लढाऊ मासा, बेट्टा स्प्लेंडेन्स.

या जातीस रेगन यांनी १९१० साली शास्त्रीय नाव दिले. सयाममध्ये मात्र ती त्यापूर्वी कित्येक शतके माणसाच्या हाती वाढत होती. रानटी नराचे पक्ष आखूड व शेपूट गोलसर असते. पाळीव वाणांत पडद्यासारखी लोंबती शेपटी, १८० अंश उघडणारी अर्धचंद्राकृती शेपटी, किरणांमधील पडदा घटलेली मुकुटाकृती शेपटी आणि दुहेरी शेपटी असे अनेक प्रकार आढळतात. नर फेसाचे घरटे बांधून अंडी सांभाळतो. एका विणीत काही शे पिल्ले मिळू शकत असल्याने मेंडेलीय प्रमाणे पडताळून पाहण्यास हा मासा उत्तम ठरतो. वॉलब्रुन यांनी १९५८ साली याच माशाच्या आनुवंशिकतेचा, विशेषतः रंगांचा, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

सर्वांत स्पष्ट उदाहरण दुहेरी शेपटीचे. हा गुण अप्रभावी असून एकाच मुख्य जनुकस्थानावर अवलंबून असतो. शुद्ध एकेरी व दुहेरी शेपटीच्या माशांचा संकर केल्यास पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले एकेरी शेपटीची निपजतात. त्या पिल्लांचा आपसांत संकर केल्यास दुसऱ्या पिढीत ३ : १ हे प्रमाण दिसते. समजा, २०० पिल्ले वाढली, तर सुमारे ५० दुहेरी शेपटीची असतील. उरलेल्या १५० पैकी सुमारे १०० पिल्ले तो गुण अव्यक्त स्वरूपात वाहत असतात. असा वाहक ओळखावा कसा? पैदास करणाऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे त्याचा पृष्ठपक्ष पुष्कळदा बुडाशी रुंद असतो, परंतु केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे. खात्रीचा मार्ग कसोटी-संकराचा. संशयित माशाची दुहेरी शेपटीच्या माशाशी जोडी लावावी. तो वाहक असल्यास निम्मी पिल्ले दुहेरी शेपटीची निपजावीत. वाहकाची पहिली दहा पिल्ले केवळ योगायोगाने एकेरी शेपटीची निघण्याची संभाव्यता १/१०२४ इतकी अल्प असते.

दुहेरी शेपटी म्हणजे चिरलेली शेपटी, असा समज सहज होतो. पण तो अपुरा आहे. अशा माशाचा पृष्ठपक्षही गुदपक्षाइतका रुंद झालेला असतो. पाठीच्या बाजूने जणू पोटाच्या बाजूचा आराखडा स्वीकारलेला असतो. जपानी मेडाका माशातील एका उत्परिवर्तनात हेच दिसते. तेथे पाठीची घडण ठरविणाऱ्या झिक-१ व झिक-४ या जनुकांचे कार्य पाठीकडील भागात क्षीण झालेले असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जीनोम-अभ्यासातून बेट्टामध्येही याच दोन जनुकांच्या सामाईक नियंत्रक खंडाचा लोप हे कारण असावे, असा निष्कर्ष निघाला. जनुक शाबूत, परंतु त्यास चालना देणारा भाग गळालेला, असा हा प्रकार आहे. त्याच अभ्यासानुसार हत्तीच्या कानांसारखे मोठे वक्षपक्षही एकाच प्रमुख स्थानाशी निगडित असून त्यांचा संबंध पोटॅशियम-मार्गाच्या एका जनुकाशी असावा.

सर्वच गुण इतके सरळ नसतात. मुकुटाकृती व अखंड पडद्याची शेपटी यांच्या संकरातून बहुधा मधल्या अवस्थेची, फणीसारखी शेपटी निपजते. अर्धचंद्राकृती शेपटीसाठी पक्षकिरणांच्या शाखा, त्यांची लांबी आणि पडद्याची रुंदी यांचा मेळ बसावा लागतो. म्हणून उत्तम जोडीच्याही सर्व पिल्लांत तो आकार उतरत नाही. शिवाय मादीचे पक्ष नरापेक्षा आखूड असल्याने तिच्याकडील आनुवंशिक ठेवा तिच्या रूपावरून पुरता कळत नाही. तो तिच्या पुत्रांवरून जोखावा लागतो.

निवडीस किंमतही द्यावी लागते. दुहेरी शेपटीच्या माशांची पिढ्यान्‌पिढ्या आपसांत जोडी लावल्यास आखूड धड व वाकडा कणा असलेली पिल्ले वाढतात, असा पैदास करणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून ते मधूनमधून एकेरी शेपटीच्या वाहकाशी संकर करतात. सख्ख्या भावंडांच्या एकाच संकराने संततीतील अंतःप्रजननाचा गुणांक १/४ होतो.

येथे महसिराकडे परतता येते. प्रजनन-केंद्रात कोणी शोभेचे पक्ष निवडत नाही. तरी मोजके नर वापरणे हीही एक निवडच होय. परिणामकारक संख्या ही नर व माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या चौपटीस त्यांच्या बेरजेने भागून मिळते. २ नर व २० माद्या असल्यास मासे २२ दिसतात, पण परिणामकारक संख्या सुमारे ७ च भरते. त्याच २२ माशांत ११ नर घेतल्यास ती २२ होते. लाखो पिल्ले निपजली, तरी ही उणीव भरून निघत नाही.

दुसरा धोका स्थलांतराचा. लोणावळ्याच्या केंद्रातील निळ्या पक्षांच्या महसिराची पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. तेथील मूळचा कुबडाचा महसीर नारिंगी पक्षांचा. १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या नोंदींत त्याची घट आणि निळ्या पक्षांच्या माशाची वाढ दिसून आली. २०१८ साली तो टोर रेमादेवी असल्याचे निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची अतिसंकटग्रस्त जातींत गणना झाली. वाळूउपसा, धरणे, सुरुंगाची मासेमारी हीही कारणे त्यामागे आहेत. परंतु एका नदीचा वारसा दुसऱ्या नदीत ओतणे निर्धोक नसते, हे त्यातून उघड होते.

बेट्टाच्या काचपात्रात चुकीची जोडी लावली, तर एक वीण वाया जाते व पुढील विणीत ती चूक सुधारता येते. नदीत सोडलेले मासे परत गोळा करता येत नाहीत. म्हणून मुळशी-मावळच्या जलाशयांसाठी पैदास करताना प्रत्येक जनक माशाचे मूळ पाणी नोंदविणे, नर-माद्यांची संख्या शक्य तितकी समान राखणे आणि पिल्ले त्याच नदीच्या खोऱ्यात सोडणे, हे तीन नियम पिल्लांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे मानावयास हवेत.