वेगळ्या ॲडॉप्टरवाचून चालणारी हार्ड डिस्क

भोर-वेल्ह्याच्या मुलखात पावसाळा जितका हिरवा तितकाच अंधाराचाही असतो. डोंगरउतारावरील एखादे झाड तारांवर कोसळले की गावेच्या गावे काळोखात बुडतात. अशा वेळी भिंतीवरील विजेवर चालणारी मोठी हार्ड डिस्क तत्काळ बंद पडते. लॅपटॉपला एकाच तारेने जोडलेली लहान डिस्क मात्र त्याच्या बॅटरीवर काम चालू ठेविते. ही सोय कशी साधते व कोठे फसते, हे विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मागील पावसाळ्यात वेल्ह्याकडील एका विद्यार्थ्याने अशी एक लहान डिस्क आमच्याकडे आणिली. तीत त्याच्या दिवंगत आजीची छायाचित्रे व तिच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या होत्या. दुसरी प्रत कोठेही नव्हती. घरच्या जुन्या संगणकाला जोडताच आतून ‘टक् टक्’ असा ध्वनी येई आणि डिस्क पडद्यावर दिसेनाशी होई. ती कायमची बिघडली असे समजून घरच्यांनी आशा सोडिली होती. वस्तुतः ती केवळ उपाशी होती.

भाटघरच्या धरणातून सुटणारे पाणी आपण सर्वांनी पाहिले आहे. पाण्याची उंची अधिक तर जोर अधिक. दार अधिक उघडले तर प्रवाह मोठा. विजेचा असा जोर व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये मोजितात. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे वॅटमधील शक्ती मिळते. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहाची क्षमता १६ मेगावॅट, म्हणजे एक कोटी साठ लाख वॅट आहे. त्यापुढे संगणकाचा यूएसबी पोर्ट म्हणजे केवळ एक झिरपा होय. यूएसबी २ या जुन्या प्रकारात ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॅट मिळतात. यूएसबी ३ मध्ये ०.९ अँपिअर, म्हणजे ४.५ वॅट.

आता डिस्कची भूक पाहू. अडीच इंची डिस्कची मोटर ५ व्होल्टवरच चालते, म्हणून तिला वेगळा ॲडॉप्टर लागत नाही. परंतु थांबलेली तबकडी फिरू लागताना पहिले काही क्षण तिला एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. एकदा गती आली की गरज पुष्कळ कमी होते. भरलेली बैलगाडी जागची हलविताना बैलांस अधिक जोर लावावा लागतो, तसाच हा प्रकार. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला मात्र ५ व्होल्टखेरीज १२ व्होल्टही लागतात. ते साध्या पोर्टातून मिळत नाहीत. यास्तव तिला ॲडॉप्टर दिलेला असतो, व तो टाळण्याची खटपट करू नये.

लहान डिस्क अडखळू लागल्यास पुढील उपाय क्रमाने करावेत. प्रथम लांब व बारीक केबल बदलून आखूड व चांगली केबल घ्यावी, कारण लांब तारेत व्होल्टचा काही अंश वाटेतच खर्ची पडतो. टेबलावरील संगणक असल्यास डिस्क समोरच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात जोडावी; तेथील पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. एकाच पोर्टाचे चार पोर्ट करणाऱ्या साध्या हबवर ती लावू नये, कारण तेथे एका भाकरीचे चार वाटेकरी होतात. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब मात्र उपयोगी पडतो. पण वीज गेली की त्याचाही आधार जातो. दोन पोर्टांतून वीज घेणारी दुतोंडी केबलही मिळते. ती यूएसबीच्या नियमांत बसत नसली तरी अडचणीत पुष्कळांच्या कामी आली आहे. नवी खरेदी करावयाची असल्यास एसएसडीचा विचार करावा. तीत फिरणारी तबकडीच नसते, त्यामुळे आरंभीचा तो मोटरीचा झटका लागत नाही.

हे करूनही ‘टक् टक्’ थांबली नाही, तर पुनःपुन्हा जोडून पाहू नये. आतील भाग खरोखरच बिघडला असल्यास प्रत्येक प्रयत्नाने हानी वाढू शकते. अशा वेळी डिस्क जाणकाराच्या हाती द्यावी. तसेच बॅटरी संपत आली असता मोठे काम आरंभू नये, आणि संगणकास सूचना देऊनच डिस्क काढावी.

त्या विद्यार्थ्याच्या डिस्कसोबत आलेली तार हातभर लांबीहून अधिक होती. आम्ही वीतभर लांबीची दुसरी केबल घेऊन ती लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टात जोडिली. तबकडी फिरली. आम्ही प्रथम सर्व सामग्रीची दुसरी प्रत केली, आणि मगच ओव्या ऐकिल्या. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने लोकसमुदायास शिकविले. डिस्क जोडण्यापूर्वी व्होल्ट आणि अँपिअरचा हिशेब करणे हीही त्याच शहाणपणाची लहानशी शाखा होय. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. हे काम, बालमित्रांनो, या सुटीतच उरकून घ्या.