खाली दुकान, वर घर : पहाटे आग लागली, तर बाहेर पडायचं कुठून?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं हे पॅलेस थिएटर. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांहून जुनी वास्तू एका रात्रीत होत्याची नव्हती झाली. पण त्या वेळी आत प्रयोग सुरू नव्हता, प्रेक्षक नव्हते. त्यामुळं कुणाचा जीव गेला नाही.

घराचं गणित मात्र उलटं असतं. रात्री नाट्यगृह रिकामं होतं आणि घर भरतं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत घडलेल्या तीन घटना बघितल्या की हे लक्षात येतं.

तीन पहाटा, अठरा जीव

३० ऑगस्ट २०२३. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत, पूर्णानगर इथं पहाटे हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपलेले नवरा-बायको आणि त्यांची दोन मुलं, चौघंही गेले.

३ एप्रिल २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे चारच्या सुमारास खालच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण दगावले. आगीच्या ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, मृत्यू गुदमरून झाले असावेत, असं पोलिसांनी तेव्हा प्राथमिक माहिती देताना सांगितलं होतं.

६ ऑक्टोबर २०२४. मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पुन्हा तेच. खाली दुकान, वर घर, वेळ पहाटेची, एकाच कुटुंबातले सात बळी.

गावं वेगळी, पण साचा एकच. आग खाली लागली, माणसं वर झोपलेली होती आणि वरून खाली यायची वाट आगीतूनच जात होती.

कोल्हापूरकरांनी हे का वाचावं?

कारण हा साचा कोल्हापुरात गल्लोगल्ली दिसतो. महाद्वार रोड, गुजरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, कुठंही बघा. खाली कपड्यांचं, चपलांचं, प्लास्टिकचं किंवा इलेक्ट्रिकचं दुकान, वर एक-दोन मजले बिऱ्हाड. मध्ये एकच अरुंद जिना. त्याच्याखाली लाईटचे मीटर, त्यालाच लागून उभ्या केलेल्या दोन गाड्या, त्यातली एखादी रात्रभर चार्जिंगला लावलेली. खिडक्यांना पक्कं ग्रील आणि गच्चीच्या दाराला कुलूप. चोरासाठी केलेला हा बंदोबस्त आगीच्या वेळी घरातल्यांचीच वाट अडवतो.

ज्वाळेआधी धूर येतो

आगीत माणूस भाजून मरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जीव धुरानं जातो. धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो, आधी गुंगी येते, मग शुद्ध जाते.

धूर गरम असल्यामुळं वर चढतो. बंद शटरच्या दुकानात कोंडलेल्या धुराला जिना हीच मोकळी जागा मिळते आणि जिन्याचं धुराडं होतं. ‘वास आला की जाग येईलच’ यावरही विसंबता येत नाही. झोपेत नाक जवळजवळ काम करत नाही. कानावर मात्र मोठा आवाज पडला तर जाग येते.

वेळही फार नसतो. फोमची गादी, सोफा, प्लास्टिक आणि सिंथेटिक कापड लाकूड-सुतापेक्षा झपाट्यानं पेटतं. आधुनिक घरात अलार्म वाजल्यापासून बाहेर पडायला एखाद-दोन मिनिटंच मिळू शकतात, असं अमेरिकेतली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था सांगते. तेवढ्यात किल्ली शोधणं, म्हातारीला उठवणं, कुठून जायचं हे ठरवणं होत नाही. हे सगळं आधीच ठरलेलं असावं लागतं.

घराचा आराखडा कसा करायचा?

सगळ्यांनी एकत्र बसून वहीच्या पानावर घराचा नकाशा काढायचा. लहान मुलांना त्यात आवर्जून घ्यायचं.

१. प्रत्येक झोपायच्या खोलीतून दोन वाटा. पहिली वाट जिना. दुसरी वाट म्हणजे शेजारची गच्ची, मागचा सज्जा, बोळाकडची खिडकी किंवा खालच्या पत्र्यावर उतरता येईल अशी जागा. दुसरी वाट सापडत नसेल, तर फॅब्रिकेटरला बोलावून एका ग्रीलला आतून उघडणारं दार करून घ्यायचं. शेजाऱ्याच्या गच्चीवरून जायचं असेल, तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवायचं.

२. किल्लीची जागा. ग्रीलची, चॅनल गेटची आणि गच्चीच्या दाराची किल्ली त्या-त्या दाराजवळच आतल्या बाजूला अडकवायची. बाहेरून हात पोहोचणार नाही, पण अंधारात आतून चाचपडल्यावर सापडेल, अशा ठिकाणी. आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी असेल तर आणखी चांगलं.

३. कुणी कुणाला उठवायचं. आजीला कोण धरणार, धाकट्याला कोण उचलणार, हे नावानिशी ठरवायचं. चालता न येणारं माणूस दुसऱ्या वाटेच्या सगळ्यात जवळच्या खोलीत झोपवायचं.

४. भेटायची जागा. बाहेर आल्यावर सगळ्यांनी एकाच ठिकाणी जमायचं. गल्लीतल्या तालमीचं दार किंवा देवळाचा कट्टा. तिथं डोकी मोजायची. अनेक जण आपलं माणूस आत राहिलंय असं समजून पुन्हा धुरात शिरतात, आणि ते माणूस गर्दीत उभं असतं.

५. सराव. वर्षातून दोनदा, एकदा तरी रात्री आणि दिवे बंद करून. मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटात शहीद झालेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. एक सराव त्या दिवशी करता येईल.

अलार्म कुठं लावायचा?

बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म छताला लावता येतो. पण दुकानवाल्या घरात तो फक्त वर लावून भागत नाही. एक दुकानाच्या छताला आणि एक वर, झोपायच्या खोल्यांबाहेर हवा. एक वाजला की दुसराही वाजतो, असे जोडलेले अलार्म मिळतात. तेच घ्यावेत, म्हणजे खालच्या धुराची खबर तो वर यायच्या आत मिळते. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासायचं.

याच्या जोडीला तीन कामं. जिन्याखाली गाडी चार्जिंगला लावायची नाही, जिन्यात माल आणि खोकी ठेवायची नाहीत, आणि जुनं वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं. झोपताना खोलीचं दार लावून घ्यायची सवयही उपयोगी पडते. बंद दार धुराला काही मिनिटं थोपवतं.

आणि खरंच आग लागली तर?

दार उघडण्याआधी तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. गरम लागलं तर उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची. धूर असेल तर खाली वाकून, रांगत जायचं, कारण जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून गच्चीकडं पळायचं नाही. मागं राहिलेलं दार ओढून घ्यायचं. दागिने, कागदपत्रं, मोबाईल, कशासाठीही थांबायचं नाही.

दोन्ही वाटा बंद असतील तर रस्त्याकडच्या खोलीत जायचं, दार लावायचं, फटीत ओले कपडे कोंबायचे आणि खिडकीतून टॉर्च किंवा कापड हलवून ओरडायचं. फोन हाताशी असेल तर १०१ किंवा ११२ लावून आधी पत्ता सांगायचा, मग आत किती माणसं आहेत आणि कुठल्या मजल्यावर आहेत ते.

नकाशा काढायला अर्धा तास पुरतो. ग्रीलला दार करायला एखादा दिवस जाईल. पण गच्चीच्या कुलपाची किल्ली शोधून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ते काम आज रात्री झोपण्याआधीच होऊ शकतं.