वाडा विटांचा, भार लाकडावर

चिंचवडगावात एखादा जुना वाडा उतरवायला घेतला की बघ्यांतून कुणीतरी म्हणतंच, “इंग्रजांच्या काळातलं वीटकाम हे, पक्कं!” या वाक्यात एक नाही, दोन गैरसमज आहेत.

भाजलेली वीट इंग्रजांनी आणलेली नाही. सिंधू संस्कृतीच्या नगरांत ती साडेचार हजार वर्षांपूर्वी होती, आणि आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं प्राचीन त्रिविक्रम मंदिर विटांचंच आहे. वीटकाम असलेल्या शनिवारवाड्याची पायाभरणीही 1730 ची. पुण्यात इंग्रजांचं राज्य यायला अजून 88 वर्षं होती. खुद्द लंडन 1666 च्या आगीपर्यंत बरंचसं लाकडी होतं. आगीनंतर, 1667 मध्ये, बाहेरच्या भिंती वीट किंवा दगडाच्याच हव्यात असा कायदा झाला.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: भिंत धड म्हणजे वाडा धड. लंडनच्या त्या घरांत मजल्यांचा भार विटांच्या भिंतींवर असतो. आपल्या वाड्यात तो मुख्यतः लाकूड पेलतं. जोत्यावर दगडी तळखडे, त्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट. भिंत ऊन-पाऊस अडवते, आडोसा देते, बाहेरची जाड भिंत थोडा भारही घेते. पण सांगाडा लाकडाचा. म्हणून तर घर दोन खांबांमधल्या अंतरावर, खणांत मोजत. खात्री करायची तर शनिवारवाड्यात जा. 1828 च्या आगीत लाकूड जळालं आणि मजलेच्या मजले गेले. आज आत जोती उरली आहेत, भोवती तट.

चुन्यात गूळ नि बेलफळ घालत म्हणून भिंती टिकल्या, हे अर्धंच खरं. असं काहीबाही घालत, पण खरी करामत नीट भिजवलेल्या, घाणीत मळलेल्या चुन्याची.

आणि सिमेंटचा गिलावा? तो मारला की वाड्याचं आयुष्य वाढतं, असं ठेकेदारही सांगतात. होतं उलटं. जोत्यातून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडतं. मग ती लाकूड गाठते. आधी कुजतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, आणि ते कुणाला दिसत नाही. बाहेर रंग ताजा, आत स्क्रूड्रायव्हर टोचला तर बोटभर घुसतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्राचं फाउंडेशन मिलिमीटरमध्ये तपासणारी आपली माणसं घरच्या ओलीवर मात्र पुट्टी फासून मोकळी होतात.

1897 मध्ये इंग्रज अधिकारी रँडचा वध करणाऱ्या चापेकर बंधूंच्या चिंचवडच्या वाड्याचं स्मारक झालं, त्याची निगा राखली जाते. बाकीच्या वाड्यांना घरमालकाशिवाय वाली नाही. तेव्हा दुरुस्ती काढलीत, तर गिलाव्याचा भाव विचारण्याआधी जुन्या लाकूडकामाचा जाणकार बोलवा आणि तुळयांची टोकं ठोकून बघा.