चूक कुणाचीही असो, पॉइंट दोघांना!

नुसता गेम म्हणून सुरुवात होते आणि मग रविवार कधी संपला ते कळतच नाही. सिम रेसिंगचा छंद लागतो कसा, खिशाला परवडतो का आणि त्यातून हाती काय लागतं? एका नवशिकीचा हा फर्स्ट हॅण्ड रिपोर्ट!

रविवारची सकाळ. कोथरूडमधला टू बीएचके. मी मावसभावाच्या ऑफिस चेअरवर बसलेय. समोर मॉनिटर, टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं स्टिअरिंग व्हील, पायाशी तीन पेडल्स. स्क्रीनवर पहिलं वळण आलं, मी जीव खाऊन ब्रेक दाबला आणि... गाडी नाही, खुर्चीच सुटली! थेट मागच्या कपाटावर!

दादा हसतहसत आत गेला आणि पाच जुन्या चपला घेऊन आला. खुर्चीच्या पाच चाकांखाली एकेक. ‘हे घे, सिम रेसिंगमधलं पहिलं अपग्रेड. फुकट!’

हिंजवडीत कोडिंग करणारा हा माणूस गेली चार वर्षं शनिवार-रविवार याच खोलीत असतो. वहिनी म्हणते, ‘निदान घरात तरी असतो!’ मी आले होते फक्त एक आर्टिकल लिहायला. म्हटलं, दोन तास बसू, फोटो काढू, निघू. या गोष्टीला आता तीन महिने झाले. आणि या तीन महिन्यांत मी एक असं काम केलं, जे दहा महिने टाळत होते. पण ते शेवटी सांगते.

एनएफएस विसरा!

आपली पिढी ‘नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड’वर वाढलेली. अ‍ॅरो कीज, नायट्रो, मागे पोलीस आणि भिंतीला घासत का होईना पहिला नंबर! सिम रेसिंगमध्ये यातलं काहीही चालत नाही. इथे गाडी खऱ्या गाडीसारखी वागते. टायर गरम होतात, झिजतात. इंधन संपत जातं, तशी गाडी हलकी होते. आणि ट्रॅक? आयरेसिंगसारख्या सिममधले बहुतेक ट्रॅक लेझर स्कॅन केलेले असतात. म्हणजे खऱ्या सर्किटवर मशीन नेऊन रस्त्याचा उंचसखलपणा मोजायचा आणि तोच कम्प्युटरमध्ये उतरवायचा. तिकडच्या डांबराला पडलेला उंचवटा इकडे कोथरूडमध्ये तुमच्या मनगटाला जाणवतो.

जाणवतो तो फोर्स फीडबॅकमुळे. व्हीलच्या आत एक मोटर असते. पुढच्या टायरवर जसा जोर येईल, तसं ती स्टिअरिंग जड-हलकं करते. खऱ्या गाडीत मागचं चाक घसरायला लागलं की ते आधी सीटमधून कळतं. इथे सीट गप्प! त्यामुळे जे काय समजायचं ते हातातून, कानांतून आणि डोळ्यांतून. वळणात स्टिअरिंग अचानक हलकं झालं की ओळखायचं, पुढच्या टायरची पकड सुटत चाललीय.

महिनाअखेरीचा पगार

दादाने मला आधी दिली माझदा एमएक्स-५. छोटीशी, दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. मला वाटलं, फेरारी वगैरे मिळेल. ‘आधी हिला तरी सरळ ठेव,’ इति दादा.

ट्रॅक होता कॅलिफोर्नियातला लगुना सेका. लांबी साधारण ३.६ किलोमीटर, वळणं ११. यातलं आठवं वळण म्हणजे कुप्रसिद्ध ‘कॉर्कस्क्रू’. चढ चढून वर यायचं, पुढे फक्त आकाश दिसतं. तिथून गाडी डावीकडे, लगेच उजवीकडे आणि त्याच वेळी जवळजवळ १८ मीटर खाली. म्हणजे पाच-साडेपाच मजले! वरंध घाटात वळणावर पोटात गोळा येतो ना, तसा येतो. तोही खुर्चीत बसून.

पहिल्या तासात मी ट्रॅकवर कमी आणि मातीत जास्त होते. माझी थिअरी सोपी होती. उशिरा ब्रेक मारला की वेळ वाचतो. दादाने अजून सोप्या भाषेत समजावलं. ‘टायरची पकड म्हणजे महिनाअखेरीचा पगार. सगळा ब्रेकवर उडवलास, तर वळायला काय उरणार?’

फंडा खरंच इतकाच आहे. गाडी सरळ असताना जोरात ब्रेक दाबायचा. वळायला लागलं की तो हळूहळू सोडत जायचा. बाहेरच्या कडेने आत, आतल्या कडेला टेकून पुन्हा बाहेर. आणि गाडी बऱ्यापैकी सरळ होईपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवर घाई नाही. ऐकायला सोपं, करायला महाकठीण! माझी पहिली पूर्ण लॅप २ मिनिटं १४ सेकंदांची. तीन आठवड्यांनी १ मिनिट ४९. गंमत म्हणजे ही दुसरी लॅप मला स्वतःला खूप स्लो वाटली होती. आरडाओरडा नाही, टायरची किंकाळी नाही. सिममध्ये वेगवान माणूस बघायला बोअरिंग असतो!

नियम पटतच नाही!

एकटीने चालवणं वेगळं आणि रेस वेगळी. आयरेसिंग हे ऑनलाइन रेसिंगचं सगळ्यात शिस्तीचं ठिकाण. २००८ साली अमेरिकेत सुरू झालं. इथे टोपणनावं चालत नाहीत, खऱ्या नावाने उतरायचं. सगळे सुरुवात करतात ‘रूकी’ लायसन्सपासून. मग डी, सी, बी, ए. वर चढायचं तर जिंकणं पुरेसं नाही, तुमचं ‘सेफ्टी रेटिंग’ चांगलं हवं. चाकं ट्रॅकबाहेर गेली, १ पॉइंट. गाडीवरचा ताबा सुटला, २. दुसऱ्या गाडीला जोरात धडक, ४. हे पॉइंट मिळवायचे नसतात, टाळायचे असतात.

माझ्या तिसऱ्याच रेसमध्ये समोर एक गाडी गोल फिरली, ट्रॅकवर परत आली आणि थेट माझ्या वाटेत. धडाम! मला ४ पॉइंट. मी चिडून ओरडलेच, ‘चूक त्याची, पॉइंट मला का?’

‘दोघांनाही,’ दादा म्हणाला. ‘इथे चूक कोणाची, हा प्रश्नच नसतो.’

‘हा कुठला न्याय?’

‘न्याय नाहीच आहे गं. रिप्ले बघ.’

रिप्ले बघितला. त्या गाडीच्या नावाने बोटं मोडायची पूर्ण तयारी होती माझी. पण दिसलं ते भलतंच. धडकेच्या चांगलं चार सेकंद आधी पिवळा झेंडा आला होता. माझ्या पुढच्या दोन गाड्यांनी वेग कमी केला होता. एकटी मीच फुल थ्रॉटलवर. कारण मला वाटलं, वा, दोन नंबर वर जायचा चान्स! चूक त्याचीच होती. पण ती टाळायला मला चार सेकंद मिळाले होते, हेही तितकंच खरं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हा रिप्ले मी आधी बघितला होता.

कर्वे रोड, सकाळी साडेनऊ

दहा महिन्यांपूर्वी, ऐन पावसात, कर्वे रोडच्या एका सिग्नलला माझा अ‍ॅक्सिडेंट झाला. सिग्नल मला हिरवा होता. बाबांची जुनी हॅचबॅक घेऊन मी निघाले आणि डावीकडून सिग्नल तोडून आलेला एक स्कूटरवाला बंपरवर आदळला. त्याचं मनगट मोडलं, मला खरचटलंही नाही. चूक त्याची होती. पोलीस म्हणाले, बाबा म्हणाले, आजूबाजूचे म्हणाले. मी तर शंभर जणांना सांगितलं असेल. आणि तरीही त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ‘पार्किंग कुठे मिळतं,’ ‘रिक्षा परवडते,’ अशी कारणं देत राहिले.

रिप्ले बघितल्यावर आठवलं ते हे. त्या दिवशी माझ्या डावीकडे एक बस होती. सिग्नल हिरवा होऊनही ती जागची हलली नव्हती. ड्रायव्हरला काहीतरी दिसलं होतं, जे मला बसमुळे दिसत नव्हतं. बस का थांबलीय, हा प्रश्न मला पडलाच नाही. पडलं ते एवढंच, की चला, बसच्या पुढे जायला मिळालं.

चूक माझी नव्हती, हे दहा महिने घोकून भीती गेली नव्हती. जाणार कशी? चूक सगळी दुसऱ्याची असेल, तर पुढच्या वेळी माझ्या हातात काय उरतं? पण ‘मी काय बघायला हवं होतं,’ हे सापडलं तेव्हा जरा श्वास मोकळा झाला.

रिसेट बटण नसतं तिथे

आता लगेच कुणी सिम खेळून एक्स्प्रेस वेवर उतरू नका, बॉस! सिम आणि रस्ता यांत एक मोठा फरक आहे. सिममध्ये एस्केप दाबलं की गाडी नवीकोरी होऊन पिटमध्ये.

या छंदातली सगळ्यात फेमस गोष्ट यान मार्डनबरोची. निसान आणि प्लेस्टेशनच्या ‘जीटी अ‍ॅकॅडमी’ने ग्रॅन टुरिस्मो खेळणाऱ्यांतून खरे रेसर निवडायला २००८ मध्ये सुरुवात केली. २०११ मध्ये हा वेल्समधला मुलगा जिंकला. २०१३ मध्ये तो ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. २०२३ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला. पण याच मार्डनबरोची गाडी २०१५ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. तोच ट्रॅक सिममध्ये हजारो जण रोज चालवतात, रोज आपटतात आणि चहा प्यायला उठतात. गेममधून खरी रेसिंग शिकता येते, हे यानने सिद्ध केलं. खऱ्या रेसिंगला रिसेट नाही, हेही त्याच्याच वाट्याला आलं.

उलट दिशेनेही ट्रॅफिक चालू असतो. फॉर्म्युला वनचं विजेतेपद पटकावलेला मॅक्स व्हर्स्टॅपन ‘टीम रेडलाइन’कडून सिममध्ये तासन्‌तास रेस करत आलाय. आपल्याकडे तर खरी सर्किट्स म्हटली की चेन्नई, कोईम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठायचं. नोकरी सांभाळून ते कोणाला जमणार? त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रेसिंगवेड्यांसाठी बेडरूम हाच शॉर्टकट.

तुम्हाला सुरू करायचंय?

• आधी चालवून बघा. मोठ्या शहरांत सिम्युलेटर तासावर भाड्याने मिळतात. दोन-तीन तास घालवा. चक्कर येते की वेड लागतं, ते तिथेच कळेल.

• पहिलं व्हील साधंच घ्या. लॉजिटेकचं गिअरवर चालणारं व्हील, तेही सेकंड हॅण्ड, साध्या स्मार्टफोनच्या बजेटमध्ये बसतं. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील म्हणजे मोटर थेट स्टिअरिंगलाच जोडलेली. मस्तच असतं, पण वर्षभराने बघा. ईएमआय काढून छंद सुरू करू नका.

• पैसे टाकायचेच तर ब्रेकवर टाका. साधं पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. लोड सेलवालं पेडल किती जोर लावला ते मोजतं. पायाला जोर लक्षात राहतो, अंतर नाही.

• सुरुवातीला ‘असेटो कोर्सा’ घ्या. इटलीच्या कुनोस कंपनीचा २०१४चा गेम, पण आजही दणकून चालतो. आयरेसिंगला दर महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी असते, वर जादा गाड्या आणि ट्रॅकचे पैसे वेगळे. हिशेब करूनच शिरा.

• ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ नीट लावा. मॉनिटर किती रुंद आणि डोळ्यांपासून किती लांब, यावर तो आकडा ठरतो. फुकट आहे आणि फरक जमीन-अस्मानाचा.

• एक गाडी, एक ट्रॅक, एक महिना. रोज नवी गाडी घेतलीत तर काहीच येणार नाही.

• खुर्चीखाली चपला. विसरू नका!

आणि ते टाळलेलं काम...

मागच्या शनिवारी बाबांकडे गाडीची किल्ली मागितली. ते काही बोलले नाहीत. फक्त चष्मा काढून पुसला. आईने ‘हळू गं’ म्हटलं, ते तर ती मी जिन्यावरून उतरतानाही म्हणते.

मुद्दाम कर्वे रोडनेच गेले. हात घामाने ओले. तोच सिग्नल. हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू. माझ्या डावीकडची रिक्षा मात्र हलली नाही. मीही थांबले. मागचा हॉर्न आता जरा चिडून वाजायला लागला. आणि रिक्षाच्या पुढून, हातात भाजीची पिशवी घेऊन, एक आजोबा सावकाश रस्ता ओलांडून गेले. चूक त्यांचीच होती, सिग्नल आमचा होता.

ते पलीकडे पोचले. मी पहिला गिअर टाकला.

इन्सिडंट पॉइंट्स, शून्य!