दार लावा, पंधरा मिनिटे तुमची

मे महिन्यात मानवतला सकाळी नऊलाच ऊन चटके देऊ लागते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चप्पल सोडत नाही. त्यात मुलांचे डबे, शाळा, सासूबाईंची औषधे. "रोज फिरायला जा" हा डॉक्टरांचा सल्ला घरातल्या बाईला पटतो, पण जमत नाही. तालुक्याच्या गावी जिम असली, तरी तिथे महिलांसाठी वेगळी वेळ असेलच असे नाही. मग फजरची नमाज झाली, की खोलीचे दार लावायचे, मोबाइल भिंतीला टेकवायचा आणि व्हिडिओ पाहत घाम गाळायचा, हा मार्ग सोयीचा वाटतो.

हा मार्ग तसा जुनाच आहे. १९८२ मध्ये अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडा हिची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली आणि दिवाणखान्यात कवायत सुरू झाली. २००९ मध्ये शॉन टी या प्रशिक्षकाचा 'इन्सॅनिटी' हा ६० दिवसांचा दमछाक करणारा कार्यक्रम डीव्हीडीवर गाजला. पुढे कॅसेट गेली, डीव्हीडीही गेली. आपल्याकडे २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये असे व्हिडिओ घरोघरी पोहोचले.

ही ओढ टिकली, कारण आज काय करायचे हे आधीच ठरलेले असते. कधी संपणार, हे पडद्यावर दिसते. मुख्य म्हणजे कुणी पाहत नाही. ओढणी सावरावी लागत नाही, चुकले तर कुणी हसत नाही.

जोरदार व्यायामाने वेळ वाचतो, हेही खरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरदार व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज १५ मिनिटे. याची गरज किती आहे? 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ महिलांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती.

पण पडद्यावरची मंडळी वर्षानुवर्षे सराव केलेली असतात. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती ही प्रसिद्ध 'ताबाता' पद्धतही १९९६ च्या जपानी अभ्यासात शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांवर तपासली होती. आपण पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर उड्या मारू नयेत. सुरुवातीला जागेवर चालावे, पाच मिनिटे अंग मोकळे करावे. उडीऐवजी पाऊल बाजूला टाकले तरी चालते. दोन शब्दही बोलता येत नसतील, तर वेग कमी करावा. गुडघेदुखी, रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रिकाम्या पोटी किंवा रोजात जोरदार व्यायाम टाळावा, साखर एकदम उतरू शकते. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

६० दिवसांचा कार्यक्रम १०० दिवसांत झाला तरी बिघडत नाही. खरा अडथळा दाराबाहेर असतो. व्यायाम सुरू झाला, की "चहा कुठे आहे?" अशी हाक येते, बाळ रडू लागते. त्या पंधरा मिनिटांत बाळाला घ्यायचे आणि चहा टाकायचा, एवढे घरातल्या पुरुषांना नक्कीच जमेल.