वॉचमनने पोलिसांना नाही, अम्मीला फोन केला

मगरिबनंतर धाकट्या बहिणीचा फोन आला. "आपा, पोराला वॉचमनने बसवून ठेवलंय. तू जातेस का? ह्यांना कळलं तर घरात तमाशा होईल." मुंब्र्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक मोठे गृहसंकुल आहे. तेथे गेले तर माझा अकरावीतला भाचा आणि त्याचे दोन मित्र केबिनबाहेर खाली मान घालून बसलेले. एकाचे कोपर सोललेले. चोरी नाही, मारामारी नाही. पोरे पार्किंगच्या कठड्यांवर पार्कूर करत होती.

पार्कूर म्हणजे भिंत, जिना, कठडा असे अडथळे केवळ हातापायांच्या बळावर धावत ओलांडणे. पॅरिसजवळच्या लिस्स या वस्तीत दाविद बेल आणि त्याच्या दोस्तांनी हा प्रकार घडवला. दाविदचे वडील रेमों पॅरिसच्या अग्निशमन दलात होते, आणि हा शब्दही सैनिकांच्या अडथळ्यांच्या कसरतीच्या फ्रेंच नावावरून आला. १९९७ साली त्या मुलांच्या गटाने 'यामाकासी' हे नाव घेतले. ब्रिटनने २०१७ मध्ये पार्कूरला अधिकृत खेळाचा दर्जा दिला. भाच्याला हे सारे तोंडपाठ आहे. (गणिताची सूत्रे मात्र नाहीत.)

मला वाटले होते, गार्ड आरडाओरडा करील. पन्नाशीचे गृहस्थ, जालन्याकडचे. त्यांनी मला खुर्ची दिली.

"बाई, पोरं उड्या मारतात त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "पण मागच्या महिन्यात ह्यांनीच व्हिडिओ टाकला. मी मागे धावतोय आणि हे भिंतीवरून पसार. सोसायटीच्या ग्रुपवर फिरला तो. कमिटीने एजन्सीला विचारलं, एजन्सीने माझे दोन दिवसांचे पैसे कापले. आणि एखादा पडला असता तर जाब कुणाला विचारला असता?"

तो व्हिडिओ मी पाहिला होता. भाच्यानेच दाखवला होता आणि मी हसलेही होते. त्या खुर्चीवर मला बसवेना.

घरी येताना भाचा कायदा सांगू लागला. "खाला, गार्ड म्हणजे पोलीस नाही. त्याला आम्हाला अडकवून ठेवायचा हक्क नाही." यात तथ्य आहे. गार्डला मारण्याचा, मोबाइल हिसकावण्याचा अधिकार नाही. साधा माणूस दुसऱ्याला पकडू शकतो तो मुख्यतः डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तरच, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावे लागते. पण कायद्याची दुसरी बाजू पोरांना ठाऊक नसते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे दुसऱ्याच्या जागेत शिरून, किंवा आधी रीतसर शिरून मग बेकायदा थांबून, तिथल्या माणसाला मुद्दाम त्रास देणे, अपमान करणे हा गुन्हा होतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसत्या उडीपेक्षा "जा" म्हटल्यावर घातलेली हुज्जत आणि तो व्हिडिओ जास्त महाग पडू शकतो. मी त्याला एवढेच विचारले, "त्यांनी फोन पोलिसांना केला की तुझ्या अम्मीला?" मग तो घर येईपर्यंत बोलला नाही.

दारावर तीनदा इजाजत मागून उत्तर आले नाही तर परत फिरायचे, हे आपल्या घरातले मूल लहानपणीच शिकते. पार्किंगला दार नसते म्हणून ते विसरते. आता भाच्याच्या गटाने ठरवले आहे: हाक आली की लगेच खाली उतरायचे, कानातले इअरफोन काढायचे, सलाम-नमस्कार करून काय करतो ते सांगायचे, परवानगी कोण देतो ते विचारायचे. "नाही" आले की बॅग उचलायची. गार्डचा चेहरा व्हिडिओत घ्यायचा नाही. ही शेवटची अट भाच्याने स्वतः घातली.

रविवारी तिघे माफी मागायला गेले. दोन दिवसांचे पैसे ईदीतून जमवले होते, ते चाचांनी घेतले नाहीत. व्हिडिओ मात्र समोर उभे राहून काढून टाकायला लावला. मग पोरांनी कमिटीकडे लेखी अर्ज दिला. नकार आला. तो मला रास्तच वाटला: खाली लहान मुले खेळतात, गाड्या वळतात.

शेवटी आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेमागचे मैदान दिले, शनिवारी दोन तास. पालकांची सही हवी, खाली गाद्या हव्यात आणि मी तिथे हवी. त्यामुळे सध्या माझे पेपर तपासणे पायरीवर चालते. परवा चाचा ड्यूटी संपवून तिकडे आले. बराच वेळ हात मागे बांधून पाहत राहिले. मग उठून कोपऱ्यातल्या भिंतीवर बोटाने टकटक करून म्हणाले, "इथून नको रे पोरांनो, प्लास्टर सुटलंय."